गादीवरचे हात

“काका, हात पुढे करा,” शौनक म्हणाला, आणि उत्तमने शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे केले.

डोंबिवलीतल्या त्या साड्यांच्या दुकानात ही रोज सकाळची पूजा होती. शौनक मालकांचा मुलगा. तो रांगत होता तेव्हापासून उत्तम गादीवर बसून शालू उलगडत होता. तरी तो दुकानातल्या पोरींसमोर उत्तमची बोटं उलटीपालटी करून बघायचा. कारणही अगदी खोटं नव्हतं. उत्तमला लहानपणापासून नखं खायची सवय. नख संपलं की कडेची कातडी. कुरतडलेल्या टोकात रेशमाचा धागा अडकायचा, आणि दिवाळीआधी तर पिकलेल्या अंगठ्याचं रक्त एका पैठणीला लागलं. तेव्हापासून त्याची रवानगी परकरांच्या काउंटरवर झाली होती. परकराला कोण जपतंय!

तेही त्याने गिळलं असतं. पण लेकीचं लग्न ठरलं. संचिताचा बस्ता याच दुकानात बांधायचा, दोन्हीकडची माणसं गादीसमोर बसणार, आणि तिचा शालू भलत्याच कुणीतरी उलगडायचा? हे मात्र त्याच्या जिवाला लागलं.

तो कल्याणला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी चांगलंच झापलं. “बोटं सतत तोंडात, मग कडेची कातडी पिकणारच. जंतू मुळाशी गेलेत. अजून चावत राहिलात तर नख नीट येणारच नाही.” त्यांनी मलम दिलं, नखांना लावायचं कडू औषध दिलं, नखं बारीक कापून घासायला सांगितली आणि हात रिकामे ठेवू नका म्हणाल्या. उत्तम खिशात चिंचोके घेऊन फिरायला लागला. हात शिवशिवले की चिंचोके चोळायचा. घरी टीव्ही लावला की बायको त्याच्या हातांत मोजे चढवायची. “या वयात बाळंतपण करतेय मी तुमचं,” हेमा म्हणायची, पण मोजे विसरायची नाही.

आणि जमलं की! नखांना कड आली, बोटं भरली. फक्त नवी कातडी फिकट, पांढुरकी होती. मूळ रंग यायला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. उत्तमला रंगाशी काय करायचं होतं? तो हेमाला झोपेतून उठवून नखं दाखवायचा.

त्या सकाळी शौनकने एक रेशमी तुकडा त्याच्या बोटांवरून फिरवला. धागा निघाला नाही.

“बसा आज गादीवर. पोरीचा मान.”

दुपारी हेमा आणि संचिता दुकानात आल्या, पाठोपाठ टिटवाळ्याहून व्याह्यांकडची माणसं आली. नवरामुलगा सुशांत, त्याची आई नीलाताई आणि तिच्या दोन जावा. उत्तमने पहिला शालू उचलला आणि एका झटक्यात पदर थेट त्यांच्या पुढ्यात पसरला. जावा “अय्या!” म्हणाल्या. नीलाताई मात्र शालूकडे बघतच नव्हत्या.

“दादा, हात बघू जरा. हे पांढरं कसलं?”

“काही नाही ताई. नखं खायची सवय होती. सोडली, तर नवीन कातडी आलीय.”

“सवय?” नीलाताईंनी जावेकडे पाहिलं. “आमच्या शेजारी पण असंच सांगितलेलं. लग्न झालं आणि सुनेला कोड निघालं. स्पष्टच विचारते, राग नका मानू. घराण्यात आहे का कुणाला?”

असलं तर काय बिघडलं, असं विचारायची तिथे कुणाची छाती नव्हती. हेमाचा चेहरा उतरला. सुशांत मोबाइलमध्ये बघत राहिला.

“अहो आई, खरंच सवय आहे बाबांना,” संचिता रडवेली झाली. “अख्ख्या बिल्डिंगला माहितीय.”

“मग आता कुठं खातायत?”

गल्ल्यावरून शौनक हसला. “काका, दाखवा ना खाऊन. विषय संपेल.”

उत्तमने लेकीकडे पाहिलं. ती नको म्हणेल, याची त्याला खात्री होती.

“दाखवा ना बाबा,” संचिता म्हणाली. “एकदाच.”

त्याने अंगठा तोंडात घातला. औषध कडूजहर लागलं. दातांना काहीच शिकवावं लागलं नाही; इतक्या दिवसांत आलेलं नख एका दमात निघालं आणि बरोबर कडेची नवी कातडी घेऊन आलं.

“अगं बाई, खरंच की!” जाऊबाई खिदळल्या.

“माकडच हो अगदी!” नीलाताईंच्या जिवात जीव आला. त्या डोळे पुसत हसत होत्या. “उगाच घाबरवलंत की आम्हाला.”

“काका, रक्त! शालू, शालू!” शौनक ओरडला. नयन नावाच्या तरुण सेल्समनने शालू ओढून घेतला, आणि उत्तम उठल्यावर तोच त्याच्या जागी बसला. बस्ता झकास पार पडला. संचिताला तोच पहिला शालू आवडला. उत्तम परकरांच्या काउंटरपाशी अंगठ्याला रुमाल गुंडाळून उभा होता.

निघताना नीलाताईंनी सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. उत्तमच्या हातावर तेवढा वरूनच सोडला.

संचिताने ते पाहिलं. मग ती नयनकडे वळली. “दादा, मामीची साडी राहिलीच ना.”

पेढा हातात धरून उत्तम तिच्या मागे उभा राहिला.