तीन जणांना सांगितलं होतं

"ताई, बाळाला घेऊन ह्या लिफ्टनं जाऊ नका. जिन्यानं जा."

"सहाव्या मजल्यावर, काका? मग तुम्हीच या उचलायला."

माझ्या कडेवर मुलगी, एका हातात भाजीची पिशवी, खांद्यावर दुपट्यांची बॅग. लिफ्टवाले काका हसले नाहीत. तळमजल्याच्या दारापाशी उकिडवे बसून ते चिंधीनं हात पुसत होते.

"तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक झिजलंय. दार लागल्यासारखं दिसतं, पण नीट बसत नाही. मध्येच अडकाल. तुम्हाला सांगितलं हं, ताई."

"बरं बरं," म्हणत मी बटण दाबलं.

आता मी कोण, तर द्राक्षाचे चार तुकडे करून भरवणारी आई. मुलगी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना बघणारी. आमच्या घरी टेबलाच्या चारही कोपऱ्यांना स्पंज बांधलेले आहेत. अशा बाईनं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं लिफ्टबद्दलचं बोलणं कानाआड केलं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, घाई होती. पण खरं सांगायचं तर त्याच सकाळी नाश्त्याला अप्पा म्हणाले होते, "ह्या भट्टीवाल्यांना सदा काहीतरी बिघडलेलंच दिसतं. काम वाढवायचे धंदे!" ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. अप्पा म्हणजे माझे सासरे, इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी.

भट्टीवाले ते आणि वखारवाले आम्ही. दोघांचेही पणजोबा एकाच वर्षी समुद्रापलीकडून ह्या शहरात आले, फक्त बोटी वेगळ्या होत्या. बंदराचं बांधकाम चालू होतं. आमच्यांना लिहिता येत होतं म्हणून त्यांना वखारीत मालाच्या नोंदी करायला बसवलं. त्यांच्यांना विटांच्या भट्टीवर पाठवलं. चार पिढ्या झाल्या. वखारी पाडल्या, भट्ट्या विझल्या, दोघांची बोलीही एकच झाली. नावं तेवढी चिकटून राहिली.

आणि माझी अर्धवेळ नोकरी नेमकी ह्याच दोघांची तुलना करण्याची. एका संशोधन संस्थेसाठी मी घरोघर जाऊन फॉर्म भरते. एकाच वेळी आलेल्या दोन समाजांपैकी एक वर गेला, एक तिथंच राहिला, असं का झालं? प्रश्न साठ. शिक्षण किती, घर कुणाचं, नोकरी किती वर्षं टिकली. बाविसावा प्रश्न असा: 'कामाच्या ठिकाणी अडचण आल्यास तक्रार कशी करता? लेखी, तोंडी, करत नाही.' आमचे सर फॉर्म चाळताना कौतुकानं म्हणतात, "वखारवाल्यांचं एक आहे, कागद सांभाळतात." सर स्वतः वखारवाले. आणि कागद तर आम्ही असे सांभाळतो की सासूबाईंच्या कपाटात मिक्सरचं गॅरंटी कार्ड अजून आहे. मिक्सर भंगारात जाऊन अकरा वर्षं झाली.

काकांच्या बोलण्याला बारा दिवस झाले आणि भर दुपारी मी आणि मुलगी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलो.

एक हिसका, मग पंखा बंद, दिवा बंद. जाळीतून समोर नुसती भिंत. मुलगी आधी गप्प होती, मग रडायला लागली आणि रडता रडता तिला ठसका लागला. पाण्याची बाटली मी घरीच विसरले होते. मी जाळी हलवली, ओरडले, देवाला नको नको ती आश्वासनं दिली. खालून वॉचमन ओरडला, "ताई, फोन केलाय! काका निघालेत!"

ते वीस मिनिटांत आले असं मागाहून कळलं. मला ते वीस तास वाटले. वरून त्यांचा आवाज आला, "ताई, दाराला हात लावू नका. मध्ये उभ्या राहा. मी हातानं खाली आणतोय."

हातानं लिफ्ट खाली आणायला दोन माणसं लागतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एकानं ब्रेकचा दांडा उचलून धरायचा, दुसऱ्यानं मोटरचं चाक फिरवायचं. दुसरा माणूस आमच्या कमिटीनं गेल्या वर्षीच्या करारातून काढून टाकला होता. काकांनी दांडा खांद्यानं रेटून धरला आणि चाक हातानं फिरवलं. लिफ्ट वीतवीत खाली सरकत होती. मध्येच ती गचकन थांबली. वरून कसलाही आवाज आला नाही. थोड्या वेळानं पुन्हा सरकायला लागली.

तिसऱ्या मजल्याचं दार त्यांनीच उघडलं. डाव्या हाताला चिंधी गुंडाळलेली आणि ती लाल.

"पाय जपून, ताई. बाळाला आधी पाणी द्या."

मी पाण्याकडे धावले. त्यांना थँक्यूसुद्धा म्हणाले नाही. त्यांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही चाकात सापडून गेली.

चार दिवसांनी कमिटीनं लिफ्ट कंपनीला पत्र पाठवलं: 'आपल्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे एक महिला व अर्भक यांचे प्राण धोक्यात आले.' ती महिला मी. मला कुणी विचारलंही नव्हतं. कंपनीनं काकांना घरी बसवलं आणि चौकशी लावली. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर पेन्शनही जाणार होतं.

मी त्यांच्या घरी गेले. रिकाम्या हातानं जायची लाज वाटली म्हणून सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन गेले. ह्याची आता जास्त लाज वाटते.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खाट आणि शिवणयंत्र. काका खाटेवर बसले होते, बँडेज बांधलेला हात उशीवर ठेवून. काकू यंत्रावर पडद्याला टीप मारत होत्या. त्यांनी पाय थांबवला आणि फॉर्मकडे बघितलं.

"ह्यांच्या बोटांचा रकाना आहे का हो तुमच्या फॉर्मात?"

"अगं, बसू तर दे त्यांना," काका म्हणाले. "बाळ कसंय, ताई? झोपेत दचकतं का?"

"नाही. काका, तुम्ही हे लॉकचं लिहून का नाही दिलंत? अर्जबिर्ज नको, एक ओळ. आज ती एक ओळ असती तर कुणाची हिंमत झाली नसती."

"आणि खाली सही?"

"हो, सही!"

"माझे आजोबा कामाला होते त्या भट्टीवर पाण्याचा अर्ज केला होता. प्यायच्या पाण्याचा. एक्केचाळीस जणांनी अंगठे उठवले. दुसऱ्या दिवशी मुकादमानं तोच कागद हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत नावं वाचली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बाहेर. त्यांना यादी करायची मेहनतसुद्धा पडली नाही." ते हसले. "तेव्हापासून आमच्यात लिहून देत नाहीत. तीन जणांना तोंडानं सांगायचं, समोर उभं राहून. आधी वरच्याला, मग कामाच्या मालकाला आणि शेवटी ज्याचं नुकसान होणार त्याला. तिघांना सांगून झालं की आपलं काम झालं. पुढचं ऐकणाऱ्याकडे."

"तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"सुपरवायझरला. अप्पांना. आणि तुम्हाला."

तो तळमजला, ती चिंधी, ते 'तुम्हाला सांगितलं हं, ताई' सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी मला रीतसर नोटीस दिली होती आणि मी बरं बरं म्हणाले होते.

पण मला रागही आला, तोही सांगते. त्यांचाच. "काका, सत्तर-ऐंशी वर्षं झाली त्याला! आता कोण काढणार होतं तुम्हाला एका कागदासाठी? कमिटीकडं रजिस्टर आहे, त्यात नोंद झाली असती."

"रजिस्टर कुणाच्या कपाटात असतं, ताई?"

मी हातातला फॉर्म दुमडून पिशवीत घातला.

"कागद तुमचा. लिहिणार तुमचा, वाचणार तुमचा आणि हरवला तर हरवणारही तुमचाच," काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही वाईट नाही हो. तुम्हाला कागदानं कधी चावलेलं नाही, एवढंच."

काकूंनी यंत्र पुन्हा सुरू केलं. निघताना म्हणाल्या, "रविवारी तुमची मीटिंग आहे म्हणे. तिथं बोलाल?"

"बोलेन."

"बघू," त्या म्हणाल्या.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. अप्पांनी तक्रारींचं रजिस्टर उघडून सगळ्यांना दाखवलं. "हे बघा. नळ गळतो, कबुतरं घाण करतात, चौथ्या मजल्यावर मोठ्यानं गाणी लावतात. लिफ्टच्या लॉकबद्दल एक अक्षर नाही."

मी उभी राहिले. मांडीवरची मुलगी नवऱ्याकडे दिली. त्यानं हळूच म्हटलं, "घरी बोलू ना." मी ऐकलं नाही.

"अप्पा, त्यांनी मला सांगितलं होतं."

"तुला? तू कमिटीवर आहेस?"

"तुम्हालाही सांगितलं होतं."

खुर्च्या करकरल्या. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते खोटारडे नाहीत. देवाशपथ सांगते, नातीला ताप आला की रात्र रात्र बसून राहणारा माणूस आहे. "येता-जाता काहीतरी बोलला असेल," ते म्हणाले. "येता-जाता मला शंभर जण शंभर गोष्टी सांगतात. त्याला काय म्हणायचं? लेखी आहे का?"

"मी लिहून देते. आता, इथंच."

"घटना घडल्यावर?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मग विषय कबुतरांवर गेला.

तरी मी लिहिलं. अडीच पानं, तारीख, वेळ, काकांचे शब्द जसेच्या तसे. कंपनीला पाठवलं, पोच घेतली. वखारवाल्यांची मुलगी ना मी! तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. घटनेनंतर केलेली निवेदनं चौकशीत ग्राह्य धरली जात नाहीत. शिवाय संबंधित सुपरवायझरनं अशी सूचना मिळाल्याचं नाकारलं आहे. काकांना काढून टाकलं.

घरात दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी अप्पा स्वतः बाजारात जाऊन नातीसाठी खुळखुळा घेऊन आले आणि माझ्या हातात देत म्हणाले, "नवीन लॉक बसवलंय. दोन माणसांचा करारही केलाय." मी खुळखुळा घेतला.

ऑफिसात काकांचा फॉर्म भरायचा राहिला होता. प्रश्न बावीस: तोंडी. प्रश्न एकतीस, नोकरी सुटण्याचं कारण: निष्काळजीपणा. समोरच्या 'शेरा' रकान्यात मी सगळं बारीक अक्षरात लिहिलं, मागच्या पानावरही नेलं. सरांनी वाचलं, चांगलं लक्ष देऊन वाचलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण शेऱ्याचा रकाना संगणकात जात नाही."

"मग तो छापलाय कशाला, सर?"

"लोकांना बरं वाटतं लिहून."

अहवालातल्या आलेखात दोन समाजांच्या दोन रेघा आहेत. एक वर चढत जाते, एक जमिनीलगत सरपटते. खाली एक वाक्य आहे, ते मी बदलायला सांगितलं आणि ते बदललं नाही: 'भट्टीवाल्यांमध्ये लेखी व्यवहाराबद्दल उदासीनता आढळते.' उदासीनता! एक्केचाळीस माणसं त्या एका शब्दाखाली गाडली आणि बेचाळिसावे काका. वरच्या रेघेत मी आहे. ती चढते त्यात माझं काय कर्तृत्व, ते मला अजून सापडलेलं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा त्यांच्याकडे गेले, ह्या वेळी फॉर्म न घेता. दाराला कुलूप. शेजारणीनं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि मग सांगितलं, "काम बघायला दुसऱ्या शहरात गेले. काकू पण गेल्या. कुठल्या ते नाही सांगितलं." फोन लागत नाही. मुलीला घेऊन मी त्या पायरीवर थोडी बसले. ऊन फार होतं म्हणून उठले.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या इमारतीत, ऑफिसात, दवाखान्यात लिफ्ट बघायला कुणी येत असेलच. सावळा, साठीकडे झुकलेला, डाव्या हाताला तीन बोटं. लिहून काही देणार नाही, समोर उभा राहून सांगेल. कुठल्या तरी ठेकेदाराकडे रोजावर असेल आणि रोजावरच्याला दुसरा माणूस कोण देतं? तो वर मशीनच्या खोलीत एकटा चढलेला दिसला, तर एवढं करा. शेवटच्या जिन्यापर्यंत जा, खालून "काका" म्हणून हाक मारा, आणि वरून ओ येईपर्यंत तिथून हलू नका.