शिवकन्या बाईंच्या वर्गातला दोर

मी दोर बोलतोय. अंबाडीच्या वाखाचा, रेणापूरजवळच्या एका गावात, शाळेच्या सहावीच्या वर्गात राहणारा. जन्मलो आडाचं पाणी शेंदायला आणि कामी आलो इतिहास शिकवायला. परवा मात्र सगळंच संपायची वेळ आली होती. मला कात्री लागली होती.

आधी घरचं सांगतो. मला मडिवाळप्पांनी वळलं. एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं त्यांच्या दोन लेकरांच्या, शिवकन्या आणि धाकटा संगमेश. ती जीव लावून पीळ धरायची. हा मध्येच सोडून पळायचा आणि सगळा पीळ उलटा सुटायचा. ती रागवायची नाही, नुसती बघत उभी राहायची, मग तो आपणच परत यायचा. संगमेश पहिल्यापासून असाच. आधी हात चालणार, विचार मागून येणार.

घरी बोअरवेलचं पाणी आलं आणि मी खुंटीवर गेलो. शिवकन्या नांदेडला शिकून शाळेत बाई झाली. संगमेशची शाळा नववीत सुटली. इतिहासाच्या तासाला सनावळी आली नाही म्हणून सरांनी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं, तो दप्तर तिथंच टाकून निघाला आणि फाट्यावरच्या गॅरेजात कामाला लागला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते बहिणीला.

म्हणूनच नोकरी लागल्यावर एके दिवशी तिनं मला खुंटीवरून काढलं. आता सहावीला इतिहास या दोरानं शिकवणार, असं तिनं सांगितल्यावर संगमेश खूप हसला.

"अक्का, मास्तर लोक बांधून घालतेत म्हणून तर मी पळालो. आन् तू खरंच दोर घेऊन निघालीस व्हय?"

वर्गात तिनं मला फळ्यापासून दारापर्यंत जमिनीवर अंथरलं. दाराशी आजचा दिवस. तिथून मागं सरकत गेलं की एका हाताला पाच वर्षं. मुलांनी घरी जायचं, म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, ऐकलेली गोष्ट वर्गात सांगायची आणि घरच्या जुन्या कापडाची चिंधी त्या वर्षाच्या जागी माझ्यावर बांधायची. सांगणाऱ्याला बाकीची मुलं एकच प्रश्न विचारायची: ज्यानं सांगितलं त्यानं पाहिलं, का ऐकलं? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर निरगाठ. दुसऱ्याकडून ऐकलेलं असेल तर सुरगाठ, ओढली की सुटणारी.

बघता बघता मी रंगीबेरंगी झालो. भूकंपाच्या जागी तर चिंध्यांचा गुच्छच झाला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी कुणाच्या तरी घागरीखालची चुंबळच आली. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अॅक्शनच्या सालापाशी गल्लीतल्या दोन घरांच्या दोन म्हाताऱ्यांच्या गोष्टी आल्या, एक वाण्याच्या घरची, एक मोमीनांच्या. रात्र एकच होती. दोघींनी आपापल्या दारातून ती वेगवेगळी पाहिली होती. पोरं भांडायला लागली, खरी कोणती म्हणून. बाईंनी दोन्ही चिंध्या शेजारी शेजारी निरगाठीनं बांधायला लावल्या आणि त्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.

मग बाई गेल्या.

शाळा सुटल्यावर स्कूटीवरून घरी निघाल्या होत्या. ओढ्याच्या वळणावर पडल्या आणि लातूरच्या दवाखान्यात पोचताच वारल्या. संगमेशला कळलं तेव्हा त्यांचा जीव गेलेला होता. मठाच्या जागेत त्यांना समाधी दिली, तेव्हा माती लोटताना तो कुणाकडं बघत नव्हता, असं पोरं बोलत होती. गावात बातमी फिरली की मागून रिक्षानं उडवलं. रिक्षा गुलाम रसूलची. तिसऱ्या दिवशी गुलाम रसूल बाईंची पर्स द्यायला घरी गेला. संगमेशनं त्याची कॉलर धरली, दोन तडाखे दिले आणि उंबऱ्याबाहेर ढकललं. तो माणूस उठला. पर्स ओट्यावर ठेवून निघून गेला.

गुलाम रसूलची लेक जिक्रा याच वर्गात आहे. तेव्हापासून ती भिंतीकडं तोंड करून बसायची. तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं.

बाईंच्या जागी उमाशंकर सर आले, मऊ स्वभावाचे. मुलांनी त्यांना न विचारताच मला बाहेर काढलं. कपाटात बाईंची उन्हात बांधायची ओढणी राहिली होती. तिची पट्टी फाडून अक्षरा नावाच्या मुलीनं ती दाराजवळ बांधली, आजपासून बोटभर अंतरावर. कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून सुरगाठ.

परवा संगमेश बाईंचं सामान न्यायला शाळेत आला. सरांनी कपाट उघडून दिलं. वही-पुस्तकं पिशवीत भरता भरता त्याची नजर माझ्यावर गेली. ओढणी त्यानं ओळखली. नांदेडच्या बाजारातून त्यानंच आणलेली. आणि गाठही त्यानं बघितली. आजूबाजूला सगळ्या चिंध्या घट्ट, त्याच्या अक्काची तेवढी फुलपाखरासारखी, बोट लावलं की सुटेल अशी.

"हे कुणी बांधलं?"

मुलं अक्षराकडं बघायला लागली.

"रेल्वेच्या पाण्याला पक्की गाठ, आन् माझ्या अक्काला ही असली? कुणी यावं आन् ओढून टाकावं?"

सर काहीतरी समजवायला पुढं आले. त्यानं त्यांना हातानं बाजूला केलं, खिशातून ट्यूब कापायची कात्री काढली आणि माझ्यावर गुडघा टेकून बसला. सगळा दोरच घरी नेतो म्हणाला, आमचा हाय. मग म्हणाला, नेत नाही, तोडूनच टाकतो. कात्री माझ्यात शिरली. एक पदर तुटला, मला ऐकू आलं. दुसरा पदर पात्यात धरायला त्यानं कात्री फिरवली.

तेव्हा अक्षरा उठून समोर येऊन बसली. तिनं मला दोन्ही बाजूंनी धरलं.

"मामा, सुरगाठ म्हणजे हलकी न्हाई. बाई म्हणायच्या, सुरगाठ म्हणजे अजून विचारायचं राहिलंय."

"काय राहिलंय विचारायचं? सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"गावानं ऐकलंय. तुम्ही पाहिलं का?"

संगमेशच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं तो अपघात सांगितला होता. रिक्षा कशी आली, कुठून धडक बसली, सगळं.

"मला तर फोन बी उशिरा केला," तो एवढंच म्हणाला. "ती जित्ती होती तवर मला कुणी कळवलं न्हाई."

भिंतीकडून आवाज आला. "माझ्या अब्बांनी पाहिलं."

जिक्रा पहिल्यांदाच बोलली होती. संगमेश ताडकन उठला. ती पोर मागं सरकली नाही. अब्बा फाटकाशी आहेत म्हणाली, तिला न्यायला आलेत. बोलावू का, म्हणून तिनं सरांना विचारलं. सरांनी संगमेशकडं बघितलं. तो दारासमोरून बाजूला झाला, पण कात्री खिशात टाकली नाही.

गुलाम रसूल आला आणि दारातच थांबला, आजच्या दिवसावर. मुलांनी त्याला बसायला बाक दिला. तो बसला नाही. मग त्यांनी बाईंनी लावलेल्या सवयीनं विचारायला सुरुवात केली. तुम्ही किती लांब होतात. मध्ये काही आडवं होतं का. ऊन डोळ्यांवर होतं का. तो हळूहळू सांगत गेला. तो उसाच्या ट्रॉलीच्या मागं होता आणि बाई ट्रॉलीच्या पुढं. रस्ता वळत होता म्हणून ट्रॉलीच्या पुढचं त्याला दिसत होतं. वळणावर ओढ्यातून रानडुक्कर वर आलं, बाईंनी ब्रेक दाबला, स्कूटी घसरली. ट्रॉली थांबली नाही, पण ती लागलीही नव्हती. दगडावर डोकं आपटलं. त्यानं त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि लातूरकडं पळवली. बाई शुद्धीवर होत्या.

"मग मला फोन का न्हाई केला?" संगमेशनं विचारलं. आवाज आता वर नव्हता, पण सर हळूच त्याच्या जवळ सरकले.

गुलाम रसूल मुलांकडं बघत बोलला. "नंबर त्यांनीच काढून दिला. मी लावायला लागलो तर फोनवर हात ठेवला. म्हणाल्या, आत्ता नका करू, आधी दवाखान्यात पोचू द्या. संगू गाडी फेकत येईल. एका घरातले दोघं नकोत रस्त्यावर."



"म्या मारत होतो तवा हे सांगायचं की," संगमेश म्हणाला.

"तवा सांगितलं असतं तर त्याचं ओझं तुमच्या डोक्यावर पडलं असतं, बेटा. म्हटलं, आत्ता मला मारतोय, मारू दे."

संगमेश खाली बसला, पोरांमध्ये, मांडी घालून. बराच वेळ त्यानं ओढणीची पट्टी बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली. मग सुरगाठ ओढून सोडवली आणि पट्टी गुलाम रसूलपुढं धरली.

"तुम्ही बांधा, चाचा. म्या पाहिलं न्हाई."

गुलाम रसूलच्या जाड बोटांना ती बारीक पट्टी सापडेना. जिक्रानं एक टोक धरलं. निरगाठ बसली.

शाळा सुटल्यावर संगमेशनं मोटारसायकल फाटकाशीच ठेवली आणि रिक्षात पुढं, गुलाम रसूलशेजारी बसला. त्या वळणापाशी न्या म्हणाला. मागं जिक्रा होती, आणि तिच्याबरोबर अक्षरासुद्धा चढली.

मी अजून वर्गातच आहे. तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावतो असं उमाशंकर सर म्हणाले होते. मुलांनी लावू दिली नाही. झालं ते दिसू दे म्हणाली. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस गप्प बसलेलं असेल तर त्याला आजच जाऊन विचारा, उद्यावर ढकलू नका. आणि कधी या वर्गात आलात तर मला जरूर उचलून बघा. फक्त दाराजवळ जरा हळू धरा. संगमेशचा राग अजून सगळा गेलेला नाही, तो अधूनमधून येऊन इथं नुसता बसतो. आणि तेवढ्या जागी माझे दोनच पदर उरलेत.