न बिघडणारा सर्व्हर

देवकीने नखाने दाबून सर्व्हरमधलं मेमरी कार्ड बाहेर काढलं. हेही गेलं होतं. किन्हवलीच्या शाळेत सकाळपासून कोणाचंच लॉगिन होत नव्हतं. धसईहून, टोकावड्याहून फोनवर फोन येत होते. संस्थेच्या तिन्ही शाळांतल्या शिक्षकांची आणि मुलांची नावं, पासवर्ड, सगळं या डब्याएवढ्या मशीनवर होतं.

नवं कार्ड घालून ती निघाली असती तरी चाललं असतं. दर वेळी तेच करायची. या वेळी मात्र मशीन एवढं लिहितं तरी काय, ते बघत बसली. कोणीही लॉगिन केलं की त्याची वेळ कार्डावर लिहिली जात होती. ती वेळ आजवर कोणी पाहिली नव्हती. नुसत्या लिहिण्यानेच कार्डं झिजत होती. तिने ते बंद केलं. बाकीच्या बारीकसारीक नोंदी मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत साठवून अधूनमधून एकदम कार्डावर लिहायची सोय केली. वीज गेली तर साठलेलं बुडू नये म्हणून बॅटरी जोडली. बाहेर आली तेव्हा शहापूरची एसटी निघून गेली होती.

त्यानंतर मशीन बंद पडलं नाही. पावसाळा गेला, परीक्षा झाल्या. देवकीला शाळेतून फोन येईनासे झाले. ती कंत्राटावर होती; संस्थेचे सचिव कमळाकर सर तिला कायम करणार होते. आता तर नक्कीच करतील, असं ती घरी सांगायची.

जूनमध्ये सरांनी बोलावलं. चहा मागवला. वर्षभरात काही बिघडलंच नाही, मग माणूस कशाला ठेवायचा, असं मीटिंगमध्ये निघालं म्हणाले.

"बिघडलं नाय, कारण..." देवकी म्हणाली आणि थांबली. सर मोबाइल बघत होते.

पुढच्याच महिन्यात विपुलचा फोन आला. विपुल सरांचा पुतण्या. त्याला तिच्या जागेवर घेतलं होतं, तेही कायम.

"ताई, रोज काय करायचं असतं?"

"काय नाय. बॅटरी तेवढी बघत जा."

तो घुटमळला. "मग माझं काम काय?"

देवकीने गॅस बारीक केला.

"पहिलं माझं नाव काढ मशीनमधून. त्या नावाने अजून सगळं उघडतं."

"ते कसं काढू?"

तिने गॅस बंद केला. कुठे जायचं, काय टाइप करायचं, ते एकेक अक्षर सुटं करून ती त्याला सांगू लागली.