कोर्टात गेलेले शेवयांचे यंत्र

मित्रांनो, मी शेवया करणारे एक जुने लोखंडी यंत्र आहे, आणि मी रागावलेले आहे.

लातूरच्या एका कारखान्यात मी घडले. औशाच्या बाजारातून सिंधुबाईंनी मला विकत आणले, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने, गुरुबसप्पाने, त्यांना सोडून दुसरा संसार थाटला होता. तो सरकारी कचेरीत कारकून होता. त्याच्या पगारातून कोर्टाने सिंधुबाईंना पोटगी बांधून दिली होती. तिच्यात किराणा आणि घरभाडे कसेबसे निघे. औषधपाण्यासाठी सिंधुबाई दर उन्हाळ्यात माझा दांडा फिरवून शेवया विकत.

"सिंधुताईच्या शेवया लई बारीक," गल्लीतल्या बायका म्हणत. मला तेव्हा किती अभिमान वाटे!

मग सिंधुबाईंचा उजवा खांदा आखडला. मला पोत्यात बांधून बाजेखाली ठेवले. तिथे मी गंजत पडले.

पुढे गुरुबसप्पा निवृत्त झाला. त्याने लगेच कोर्टात अर्ज केला: आता पगार नाही, पोटगी बंद करा, शिवाय बाईचा शेवयांचा धंदा जोरात चालतो. माझ्या नावाने एवढे खोटे! सिंधुबाईंनी मला पिशवीत घातले आणि एसटीने थेट लातूरच्या कोर्टात नेले.

"हाच तो धंदा, साहेब," त्या न्यायाधीशांना म्हणाल्या. "फिरवून बघा."

शिपायाने दांडा धरला. तो जागचा हलला नाही. गंजाचा चुरा टेबलावर सांडला.

"माझ्याही पोटाचं बघा, साहेब," गुरुबसप्पा म्हणाला. "वय झालं माझं."

सिंधुबाई त्याच्याकडे वळल्या. "तुमचं वय झालं, अन् माझं न्हाई झालं? तुम्हाला पेन्शन हाय. मला कोण देतंय?"



निकाल लागला. गुरुबसप्पाचे उत्पन्न घटले हे खरे, म्हणून पोटगी थोडी कमी झाली. पण बंद झाली नाही. आता ती पेन्शनमधून मिळते. सिंधुबाईंनी एक वेळचा चहा सोडला. मला मात्र ती थोडी कपातही सहन होत नाही.

मित्रांनो, एखाद्या बाईच्या घरात यंत्र दिसले, की ती कमावते असे लगेच ठरवू नका. आधी तिला विचारा, बाई, तुमचा हात वर होतो का?