बरणी एक, नावं बारा

मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोट मोठं, गळा आखूड, झाकण पत्र्याचं. मित्रांनो, ज्या भट्टीत मी जन्मले, ती मला आठवत नाही. फुंकर तेवढी आठवते. कुणीतरी गाल फुगवून फुंकलं आणि मी गोल झाले.

बसस्थानकासमोर मावशींनी आइस्क्रीमचं दुकान काढलं, तेव्हा मी तिथं आले. आइस्क्रीमवर भुरभुरायचे साखरेचे बारीक रंगीत दाणे त्यांनी माझ्यात भरले. मावशींच्या इवल्याशा गावात या दाण्यांना एक नाव होतं. ते त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं आणि खळीनं माझ्या पोटावर चिकटवलं. ती माझी पहिली चिठ्ठी.

दुसऱ्याच दिवशी एक ट्रकवाला आला. “मावशी, वर जरा खडी टाका!”

“खडी? आइस्क्रीम खाताय की रस्ता बांधताय?”

“आमच्याकडे खडीच म्हणतात हो!”

मावशी हसल्या. त्यांनी ‘खडी’ची चिठ्ठी लिहिली आणि त्याला दुप्पट चिमूट घातली. तेव्हापासून रीतच पडली. जो नवं नाव आणील, त्याची चिठ्ठी माझ्या अंगावर आणि दुप्पट चिमूट त्याच्या आइस्क्रीमवर. डोंगरावरचे लोक ‘गारा’ मागायचे, नदीपलीकडचे ‘चिमणचारा’, समुद्राकडचे ‘रंगवाळू’. मावशींनी कुणाचीच चूक काढली नाही. “गारा हव्यात? घ्या गारा!” ज्याचा शब्द त्यालाच परत. परक्या गावात आपला शब्द कानी पडला की माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते मी काचेतून पाहिलं आहे.

दाणे भुरभुरताना मावशी गुणगुणायच्या,

कुणी म्हणे गारा, कुणी चिमणचारा,
बरणी माझी एक, तिला नावं बारा.

अशी चाळीस वर्षं गेली. मावशी मला कोरड्या फडक्यानंच पुसायच्या. मग सून आली. मोठी कामसू पोर! दुकानाला नवा रंग दिला, त्या दिवशी तिनं मला गरम पाण्यात बुडवलं आणि घासघास घासलं. बाराही चिठ्ठ्या पाण्याबरोबर वाहून गेल्या.

“आई, बघा ना, कशी लख्ख झाली!”

मावशी पाहतच राहिल्या. “लख्ख झाली गं… पण मुकी झाली.”

सुनेचा चेहरा एवढासा झाला. पण ती रडत बसली नाही. दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला विचारू लागली, “काका, तुमच्याकडे याला काय म्हणतात?” “आजी, तुमच्याकडे हो?” वर्षभरात अकरा चिठ्ठ्या माझ्या अंगावर परत आल्या. बारावी आली नाही. ती मावशींची स्वतःची होती.

“आई, तुमच्या गावचं नाव तुम्हीच सांगा ना!”

“अगं, जिभेवर आहे… पण येत नाही बघ.”

कसं येणार? चाळीस वर्षं मावशी सगळ्यांचे शब्द बोलल्या, त्यांचा शब्द कुणी मागितलाच नाही. त्यांच्या गावचे लोक पोटामागे कुठं कुठं पांगले. तिकडे आता बससुद्धा जात नाही. मावशी अजून गाणं गुणगुणतात, पण ‘तिला नावं’पाशी थांबतात आणि माझं झाकण हळूच लावतात.

मित्रांनो, मला तो शब्द ठाऊक आहे. चाळीस वर्षं तो माझ्या पोटाला बिलगून होता. पण मला मावशींशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तो शब्द आहे ‘लुकलुकी’.

तुमच्याही घरात असा एखादा शब्द असेल, फक्त आजीच्या नाहीतर आत्याच्या तोंडी उरलेला. तो आजच विचारून घ्या, आणि जेवताना त्याच शब्दानं मागत जा. शब्द कपाटात ठेवून टिकत नाहीत, ते मागावे लागतात.

आणि कधी आमच्या बसस्थानकावर उतरलात, तर समोरच्या दुकानात या. सुनेनं बाराव्या चिठ्ठीची जागा रिकामी ठेवली आहे. फळीपाशी या आणि म्हणा, “मावशी, वर लुकलुकी घाला!”

जरा मोठ्यानं म्हणा. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं.