हेमलाची गादी

मित्रांनो, मानोऱ्याच्या रस्त्यालगत बाभळीखाली चाकांवाचून बसलेला मी एक जुना मालट्रक आहे. तुम्ही माझ्या टपावर चढून खेळता, थापा मारता, तेव्हा मी दचकतो. का दचकतो, ते आज सांगून टाकतो.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने मला लिलावात काढले. एकोणीसशे बावन्न साली तांड्यावरच्या मदनसिंगने मला मंगरूळपीरला आणून बापूराव मिस्त्रींच्या हवाली केले. मिस्त्रींनी माझा मळकट हिरवा रंग खरवडला, लोहाराकडून चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, दोन हात लांबवून घेतली, वर सागवानी बॉडी चढवली आणि मागे फाळका, म्हणजे साखळीच्या आकड्याने अडकवलेले खाली पडणारे दार, बसवला. दोन्ही बाजूंना मोर काढले. मी अगदी फुशारून गेलो.

मदनसिंगची बायको हेमला हिने तर कमालच केली. चार महिने खपून तिने कवड्यांची, आरशांची एक जाड गादी शिवली. ती केबिनला आतून ठोकायची होती, टपाला आणि मागच्या पत्र्याला. मिस्त्रींनी हातातली हातोडी खाली ठेवली.

"मदनसिंग, हे इथं नको लावू. मागच्या मानसानं थाप मारली त तुले आयकू कशी यीन?"

"मागच्यायले कायले थाप मारा लागते, बापूरावभाऊ? मी काय रस्ता भुलून राह्यलो?" मदनसिंग हसला.

मिस्त्रींचे म्हणणे खरे होते. मागे बसलेल्यांना गाडी थांबवायची तर टपावर थाप मारण्यावाचून दुसरा इलाज नव्हता. हे मला चांगले ठाऊक होते, तरी मला ती गादी हवी होती. खिळे बसले तेव्हा मी सुखावलो.

मग दोन वर्षे माझा नुसता थाट. बाजारात लोक थांबून मला बघत. माझा खडखडाट केबिनमध्ये ऐकू येईना, म्हणून मदनसिंग खूश. मागे बहुधा मालच असे, त्यामुळे थापा ऐकू येत नाहीत, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

एकदा धनजकडच्या तांड्यावर लग्न होते. पुढे मदनसिंग आणि हेमला बसली, मागे सारे वऱ्हाड. मदनसिंगची आई धनीबाई मुद्दाम फाळक्याला टेकून बसली. होळीच्या नाचात सगळ्यांत पुढे असणारी ती बाई, तिला मोकळी हवा लागे. वाटेत साखळीचा आकडा सरकू लागला. वऱ्हाडातल्या रतनसिंगने तो पाहिला, पण दाटीत तिथवर पोहोचता येईना, म्हणून त्याने टपावर थापा मारल्या. मग सगळ्यांनीच मारल्या. एकेक थाप माझ्या पत्र्यात घुमत होती. आत गादीने सारे गिळले आणि मागच्या धुळीच्या लोटात मदनसिंगला काही दिसेना.

एरवी मी दर चढावर रुसायचो, बंद पडायचो. त्या दिवशी मी एकदाही अडखळलो नाही. नटूनथटून लग्नाला निघालो होतो ना! वळणावर फाळका पडला आणि धनीबाई रस्त्यावर आदळली. पाव कोस पुढे गेल्यावर नाल्याशी वेग कमी झाला, तेव्हा रतनसिंग उडी मारून पुढे धावत आला.

धनीबाई वाचली, पण कंबर गेली. ती पुन्हा उभी राहिली नाही.

मदनसिंगने ती गादी स्वतःच्या हातांनी ओढून काढली. बापूराव मिस्त्रींनी बैलाची घंटा केबिनमध्ये टांगली आणि तिची दोरी फाळक्यापर्यंत नेली. हेमलाने कवड्या, आरसे उसवले आणि गादी सासूच्या खाटेवर अंथरली. अंथरताना तिला रडू आवरेना.

"रडून काहून राह्यली वं, हेमला?" धनीबाई म्हणाली. "मऊ हाय गादी. लई चांगली शिवली तुनं."

खाट माझ्यासमोर ओट्यावरच होती, म्हणून ते मी ऐकले. तिने शिव्या दिल्या असत्या, तर मला बरे वाटले असते.

मित्रांनो, तुमच्या गाड्या हौसेने सजवा, मोर काढा, आरसे लावा. पण मागे बसलेल्याची थाप आत पोहोचेल, एवढा पत्रा उघडा ठेवा. माझ्या केबिनमध्ये त्या खिळ्यांची भोके अजून आहेत. आता तिथून सगळे ऐकू येते.