सदतीस नंबरचा पंप

हॉस्पिटलच्या तळघरातल्या एका लहानशा खोलीत बसून एक बाई अख्ख्या इमारतीवर नजर ठेवायची. माणसांवर नाही हो, सामानावर. व्हीलचेअर, पलंग, नसेतून थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप, सगळ्यांना बोटभर टॅग चिकटवलेला. तो टॅग वाय-फायवरून आपला ठावठिकाणा कळवत राही आणि तिच्या पडद्यावरच्या नकाशात हिरवा ठिपका उमटे. पूर्वी प्रत्येक वॉर्ड आपले पंप कपाटात, पडद्यामागे, एकदा तर चक्क चादरींच्या ढिगाखाली दडवायचा. आता ती चंगळ संपली. सिस्टर मंडळींनी चिडून तिचं नाव घार ठेवलं आणि तिला ते मनातून आवडलं होतं.

आज घारीची नजर एकाच ठिपक्यावर होती. चौथा मजला, अतिदक्षता विभाग, खिडकीकडचा पलंग, पंप नंबर सदतीस. त्या पलंगावर तिची ताई होती. आई गेल्यावर जिने हिच्या वेण्या घातल्या, ती ताई. या पंपातल्या औषधावरच तिचं ब्लडप्रेशर तग धरून आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आत एकाच नातेवाइकाला सोडत. तिथे भाऊजी बसले होते. "तू जा कामावर," ते सकाळी म्हणाले, "दोघांनी बसून काय दिवे लावणार आहोत?" ती निमूट खाली आली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं. ताईकडे बघवत नव्हतं, ठिपक्याकडे बघता येत होतं.

दुपारी ठिपका पलंगापासून हलला.

ती घाबरली नाही. ठिपके हलतात. लिफ्टच्या पोकळीतून सिग्नल झिरपतो आणि चौथ्या मजल्यावरची व्हीलचेअर क्षणभर तिसऱ्यावर दिसते. नव्या साहेबांनी एकदा त्यावरून चोरी चोरी म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं. पण खोटा ठिपका उडी मारतो. हा चालत होता. दारापाशी थांबला, पॅसेजमधून लिफ्टकडे गेला, खाली उतरू लागला. बिघडला असेल, बदलला असेल. तिने नीट पाहिलं. पलंग जागेवर होता आणि त्याच्याजवळ दुसरा पंप आला नव्हता.

मग तिच्या दाराबाहेरून ढकलगाडीची चाकं खडखडत गेली, वापरून झालेले पंप धुतात त्या समोरच्या खोलीत. दार उघडून बघायला दोन पावलं पुरली असती. ती उठली नाही. भाऊजींचा फोन आला नव्हता, म्हणजे तिला अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. आत सगळं बधिर होऊन बसलं होतं.

फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरची सिस्टर होती. "घारबाई, पंप द्या हो एक! ऑपरेशनची पेशंट आलीय, हात जोडते."

तिने सगळे मजले धुंडाळले. प्रत्येक पंप कुणाच्या ना कुणाच्या उशाशी होता. सदतीसपुढे अजून 'वापरात' असं दिसत होतं. ते बदलायचं बटण फक्त तिच्याच हातात होतं.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतेय." तिने बटण दाबलं. "एक आहे. धुवून देतायत."

"सकाळी तर नाही म्हणालात!"

"आत्ताच मोकळा झाला."

"देव पावला बघा," सिस्टर म्हणाली आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने ठिपका दुसऱ्या मजल्यावर, दाराजवळच्या पलंगापाशी जाऊन स्थिरावला. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"छोटे," भाऊजी होते. "अगं, ताई..."

"हो," ती म्हणाली. "पंप पाठवला वर. पोचला."